रांजण्याचा आवाज

॥ श्री ॥
दौंड, ६ नोव्हेंबर २०२४

चि. सत्यजीत यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

न्हावऱ्याहून परवा एसटीनं सुखरूप पोचले. सगळे तोंडावर नुसतं भारी म्हणतात, आत्या, शाळेत निबंध तपासायचीस तसं तू माझ्या चित्रपटाबद्दल लिहून कळव, असं म्हणाला होतास. तेव्हा लाल पेन घेऊन बसले आहे. रागवायचं नाही.

इनामगावच्या नदीकाठी जमिनीतल्या रांजणातून राक्षस निघतो आणि त्याचं नाव ‘रांजण्या’, ही कल्पना झकास. पण तो अख्खा दिसला की पंचाईत होते. राक्षस झालेल्या आपल्या हनुमंताला पोती शिवून घातलीस ते ठीक, पण पाठीवर खताची अक्षरं वाचता येतात. नायिका तर तो यायच्या आधीच किंचाळते, जणू तिला कुणी आगाऊ कळवलंय! नायक तोडलेल्या उसातून पळायला लागतो आणि पुढच्या क्षणी उभ्या उसात असतो.

आता चांगलं. पहिला अर्धा तास तू त्याला दाखवतच नाहीस. वारा नाही, तरी एकच ऊस हलतो, तिथं मंगल कार्यालयातली शिट्ट्या मारणारी पोरंही गप्प झाली. आणि त्याचा तो आवाज! दहापैकी दहा. अंगावर सरसरून काटा आला माझ्या. कुणाचा रे तो? तुझा पडेल राक्षस त्या आवाजानंच तारला.

आमचे हे, तुझे मामा, असते तर हनुमंताची पोती बघून पोट धरून हसले असते. त्यांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वहिनीस नमस्कार. लोभ आहे तो वाढवावा आणि शुद्धलेखनही सुधारावे.

तुझी,
सुलक्षणाआत्या

॥ श्री ॥
न्हावरे, १२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास सत्यजीतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र हनुमंतानंच पारावर मोठ्यानं वाचलं. खताच्या अक्षरांवर सगळे इतके हसले, की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

एक आनंदाची बातमी. पुण्यातल्या एका महोत्सवात ‘रांजण्या’ निवडला गेला, डिसेंबरात दाखवणार. तीन वर्षं आबा मला रिकामटेकडा म्हणत होते, काल पहिल्यांदा त्यांनी पेढे वाटले. महोत्सववाल्यांनीही आवाजाचंच कौतुक केलं. आवाज आपल्यातलाच आहे, मी जरा संथ आणि जाड केलाय. भेटीत सांगेन. मोबाइलवर चित्रपट पाठवलाय, शेजारी दाखव. तुझी माया अशीच राहू दे.

तुझा,
सत्यजीत

॥ श्री ॥
दौंड, १९ नोव्हेंबर २०२४

चि. सत्यजीत यास आशीर्वाद.

काल दुपारी शेजारच्या वच्छलाबाईंना चित्रपट दाखवला. पहिल्यांदा रांजण्या ओरडला तशी त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, की अगं सुलू, ह्यो तर तुझा हेल हाय, त्या सकाळचा. मी म्हटलं काहीतरीच काय! त्या गेल्यावर मोबाइलचा वेग दुप्पट करून ऐकलं.

सोपानराव, उठा, चहा निवतोय.

चाळीस वर्षांत मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. त्या सकाळी त्यांना अंगणात ठेवलं तेव्हा पहिल्यांदा नावानं हाक मारली. माझं रडणं मी कधी ऐकलंच नव्हतं, म्हणून कार्यालयात ओळखलंही नाही. उलट दहापैकी दहा दिले.

तू फोन घेऊन दाराशी उभा होतास, ते आठवतंय मला. पाहुण्यांना कळवतोयस असं वाटलं होतं. घरचं एक पोरगं तरी भान राखून आहे, म्हणून तेवढ्यातही बरं वाटलं होतं. सत्यजीत, परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुला मी मांडीवर खेळवलंय.

तो आवाज चित्रपटातून काढ. बाकी काही मागत नाही. आशीर्वाद आहेतच, ते परत घेता येत नाहीत.

सुलक्षणाआत्या

॥ श्री ॥
न्हावरे, २७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, चुकलो. फोन खरंच पाहुण्यांसाठी काढला होता. मग तू रडायला लागलीस आणि वाटलं, असा आवाज पुन्हा मिळायचा नाही. नंतर विचारायची हिंमत झाली नाही.

तुझं पत्र आल्यावर हनुमंताला ओरडायला लावलं, म्हशीचं हंबरणंही लावून पाहिलं. लोक हसतात. तुझा आवाज काढला तर नुसती पोती उरतात गं. महोत्सवाला प्रत गेलीय, आता माघार घेतली तर आबांना तोंड दाखवता यायचं नाही. मात्र तुझा मान ठेवलाय. शेवटी मोठ्या अक्षरात टाकलंय : रांजण्याचा आवाज – श्रीमती सुलक्षणाबाई. एवढ्या वेळी पोटात घाल.

तुझाच,
सत्यजीत

॥ श्री ॥
दौंड, ४ डिसेंबर २०२४

चि. सत्यजीत,

नाव काढ. तेवढं तरी तुझ्या हातात असेल.

परवा यांचं वर्षश्राद्ध झालं. तू आला नाहीस, बरं केलंस. पान ठेवलं, कावळा लगेच शिवला आणि मला भडभडून आलं. पहिला सूर तोंडातून निघाला आणि मीच दचकले. स्वयंपाकघरात रांजण्या उभा आहे असं वाटलं. पदराचा बोळा तोंडात धरून बसले, बायांना वाटलं मला ठसका लागला.

तुझ्याकडे म्हशी होत्या, हनुमंत होता, ती किंचाळणारी पोरगी होती. यांच्यासाठी रडायला माझ्याकडे तेवढा एकच आवाज होता.

लोभ असावा, हे यंदा लिहवत नाही.

आत्या