गुळवेलीवरचं केशरी पाखरू

रवि. ६ ऑक्टो. ७४
सासरी, काटोलकडे. अंगणात कडुनिंबाखाली बसले होते. खोडावरच्या गुळवेलीत एक वाळकं पान हललं. बोट लावलं तर पान उडालंच! आत भडक केशरी पंख, काळी किनार, मधोमध काळा ठिपका. मी ओरडले. सासूबाई काढ्यासाठी वेलीचे दोन तुकडे तोडत होत्या. "काहून ओरडून राहिली वं? साप हाय काय?" यांना हाक मारेस्तोवर पठ्ठ्या गायब. हे म्हणतात, फुलपाखरू असेल. शास्त्राच्या मास्तरणीला सांगतात! पतंग होता.

ठरलं, नाव मीच शोधणार. आजवर वर्गात जे जे शिकवलं ते पुस्तकातलं. स्वतः ओळखलेलं एकही नाही. लाजच वाटते.

थोरले भाऊजी जेवताना संत्र्याच्या बगीच्याचंच रडगाणं लावून बसले. आंबिया बहाराची संत्री गळतायत, प्रत्येकाला टाचणीएवढं भोक. माशा म्हणून झालं, पाखरं म्हणून झालं, आता शेजाऱ्याची नजर.

मंगळ. ८
परत शहरात, रामदासपेठेत. शाळेनंतर कॉलेजच्या लायब्ररीत. रंगीत पतंगांचं प्रकरण पूर्ण चाळलं. आमचा नाही. ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, मारून आणा, मग पाहू." मुळीच नाही. जिवंतच ओळखणार. येताना सीताबर्डीवर बॅटरीचे सेल घेतले.

शनि. १२
परत सासरी, संत्र्याच्या बगीच्यात. दिवेलागणीला बॅटरी घेऊन हिंडले. सापडला! पिकल्या संत्र्यावर, पंख थरथरत. किनार तीच, ठिपका तोच. नाचायचीच बाकी होते, तेवढ्यात सोंड दिसली. दाभणासारखी, थेट सालीत. उडाला तर मागे टाचणीएवढं भोक आणि रसाचा थेंब.

भाऊजींचा चोर तो हाच, आणि मला अजूनही देखणाच वाटतो.

सोम. १४
लायब्ररी. या वेळी पिकांवरच्या किडींचं प्रकरण उघडलं. तिथे होता! ऑथ्रिस मॅटर्ना. एवढ्या सुंदर जिवाला किडींत कोण शोधतं? बेंचवर हात आपटला, सगळे बघायला लागले. खाली लिहिलंय: अळ्या गुळवेलीवर वाढतात. उपाय: बगीच्याजवळची वेल उपटून टाकावी.

आता आली का पंचाईत. हे लहानपणी टायफॉइडमध्ये गेल्यात जमा होते, त्याच वेलीच्या काढ्याने वाचले, असं सासूबाई मानतात. त्या वेलीच्या मुळाला कोणी कोयता लावायचा नाही.

रवि. २०
अंगणात वेलीपाशीच सांगितलं सगळं. भाऊजी, "म्हंजे चोर आपल्याच घरी जेवून राहिला?" उठले, कोयता आणला. "आई, काढू काय?"

सासूबाईंनी पान उलटलं. खाली काळी अळी, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. पान तसंच धरून म्हणाल्या, "माह्याच काढ्यावर पोसला काय रे तू?" आणि स्वतःच हसत सुटल्या. आम्हीही. मग बुंध्याला टेकून ऐसपैस बसल्या.

"संत्री बी माह्या थोरल्या लेकाची अन् वेल बी माह्या धाकट्या लेकाची. मास्तरीणबाई, पुस्तकात दुसरं काही लिवलं हाय काय?"

भाऊजींनी कोयता खाली ठेवला. दोघं उत्तरासाठी माझ्याकडे वळले. पुस्तकात ते प्रकरण तिथेच संपतं; पुढचं मलाच शोधावं लागणार.