कलमं बांधणाऱ्याचा दर

बाबा, आज दुपारी आम्ही सहा जण तुमच्या कामाचा पगार ठरवायला बसलो होतो. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. विद्यापीठाच्या ज्या रोपवाटिकेत तुम्ही जन्मभर आंब्याची कलमं बांधलीत, तिथल्याच आस्थापना विभागात मी आता फायली सांभाळते. घरी आल्यापासून एका जागी बसवत नाहीये. कुकर लावला, शिट्ट्या मोजायच्या विसरले, पुन्हा उठले.

झालं असं. शिक्षकेतर पदं वर्षानुवर्षं भरलीच जात नाहीत, म्हणून माणसं कंत्राटावर घेतो आणि त्यांचे दर विद्यापीठच ठरवतं. कलमं बांधणारा आमचा सगळ्यात चांगला माणूस गेल्या जूनमध्ये, ऐन हंगामाच्या तोंडावर, गुहागरकडच्या एका खासगी रोपवाटिकेत गेला. जाताना म्हणाला, "बाई, राग नाय कुणावर. पण पोरीचं शिक्षण कसं करू?" मग समिती नेमली. दुसरी विद्यापीठं काय देतात, खासगीवाले काय देतात, गणपतीपुळ्याची हॉटेलं बागेतल्या माणसाला काय देतात, हे फोन करकरून मी जमवलं आणि तक्ता केला. अध्यक्षांनी तो वरवर पाहिला. "माळीच ना? अकुशलचा दर लावा. पुढचं पद घ्या."

अकुशल! मला एकदम ती शेड दिसली. मी सातवीत आहे, बाहेर झड लागलीय आणि तुम्ही कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी बसवताय. मी बांधलेल्या कलमाची पट्टी सोडून बघायला जाते, तर हातावर फटका बसतो. "अगो, जीव धरतोय तो अजून!" त्याच वर्षी मस्कतहून आलेले शेजारचे चाचा तुम्हाला तिकडे बागकामाला न्यायला तयार होते. तुम्ही गेला नाहीत. आईला म्हणालात, "इथं कलम मेलं तर का मेलं, हे इचारणारं कोणतरी हाय." तेव्हा मला ते फार मोठं वाटलं होतं. आता वाटतं, तुमच्यासारखी माणसं सोडून जात नव्हती, म्हणूनच तर हे दर इतकी वर्षं खाली राहिले. तुम्हाला तिथं मान होता की नुसतं स्वस्तात राबवून घेतलं, काही केल्या ठरवता येत नाही.

मी बोलले, बाबा. "सर, तो असताना किती कलमं जगली आणि यंदा किती, एवढं बघा."

"मॅडम, भावनेवर पगार ठरत नसतात."

"म्हणून तर नोंदवही आणलीय."

उद्यानविद्येच्या प्राध्यापकांनी ती ओढून घेतली. बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "यंदा निम्मी मेलीत. ह्याला अकुशल कसं म्हणायचं?" अखेर वेगळा, कुशलचा दर मान्य झाला. खासगीपेक्षा तो अजूनही कमीच आहे. संध्याकाळी त्या माणसाला फोन केला. "बरं झालं बाई, पुढच्याला मिळंल," एवढंच म्हणाला. तो काही परत येत नाही.

बैठकीनंतर समितीतल्या एकीनं विचारलं, "तुम्हाला कलमांतलं एवढं कसं कळतं?" मी म्हटलं, "वाचलंय कुठंतरी."

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून खरं ते लिहिते आहे. या नोकरीचा अर्ज भरत होते तेव्हा तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि विचारलंत, "माज्याबद्दल काय लिवलंस?" मी अर्ज उलटा केला. वडिलांच्या व्यवसायापुढं मी 'शेती' लिहिलं होतं.