रस्तेदुरुस्तीतलं कलम

ती. आईला नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

दादाची शिक्षा कमी करू शकणारं विधेयक बारगळलं, असं मी फोनवर म्हणाले. ते चुकलं असावं. विधानसभेतल्या विधेयकांवर नजर ठेवणारा आमच्या संस्थेचा प्रोग्रॅम मीच लिहिला आहे. तो फक्त विधेयकाचा क्रमांक पाहतो. त्या क्रमांकापुढे ‘रद्द’ आलं, मी तुला तसं कळवलं आणि तू रडलीस.

काल आमच्या वकीलबाई रस्तेदुरुस्तीचं विधेयक वाचता वाचता ओरडल्या, “अगं ए शहाणे, तुझे कैदी इथे खड्ड्यांत बसलेत!” चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षा कमी करण्याचं आपलं कलम कुणीतरी उचलून त्यात घातलं होतं. असं नेहमी चालतं म्हणे. मला ते ठाऊक नव्हतं.

पण शेवटी एक ओळ नवी आहे. हे कलम यापुढे शिक्षा होणाऱ्यांनाच लागू होईल. मग दादाचं काय? वकीलबाई म्हणतात, मतदानाआधी ती ओळ गळूही शकते.

“आणि नाही गळली तर?”

“तर राहील. चहा घे.”

मी सगळं चारदा वाचलं, तरी आनंद मानावा की नाही, कळत नाही.

रविवारी तू दादाला भेटशील. विधेयक रद्द झाल्याचं त्याला सांगितलं नसशील, तर सांगू नकोस. सांगितलं असशील, तर आता काय म्हणायचं ते मला सुचत नाही. मी अजून वाचते आहे, एवढंच सांग.

तुझी,
धाकटी