चौसष्ट कोअर

३ नोव्हेंबर
पपांनी ठरवलंच! नवं मशीन बांधायचं, फक्त बुद्धिबळासाठी. पत्रबुद्धिबळाची, म्हणजे एकेक चाल दिवसेंदिवस विचार करून पत्राने पाठवायच्या खेळाची, अंतिम फेरी पंधरा वर्षांनी मिळालीय. तिथे संगणक वापरायची मुभा असते, सगळेच वापरतात. मला म्हणतात, "शोघिक जान, समोरचे तोफा घेऊन बसलेत आणि मी गलोल!" नाकात चोवीस तास ऑक्सिजनची नळी, आणि गप्पा तोफांच्या.

६ नोव्हेंबर
अर्ताकच्या संगणकांच्या दुकानात गेले. तो म्हणे, मोठं ग्राफिक्स कार्ड घ्या. पपा फोनवरूनच कडाडले — "मला काय गाड्या पळवायच्यात? प्रोसेसर दाखव!"
बत्तीस कोअर की चौसष्ट? बत्तीसवाला स्वस्त, निम्मी वीज खातो.
"पटावर घरं किती? झालं तर!"
मेमरी मात्र स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणारीच हवी. एक आकडा बिघडला की आठवड्याचा विचार नासतो म्हणे. अर्ताक हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या इमारतीच्या वायरी आजोबांच्या काळातल्या. जपून."
मी हसले.

१३ नोव्हेंबर
मशीन सुरू केल्यापासून दोनदा फ्यूज उडाला. दोन्ही वेळा ऑक्सिजनचं यंत्रही बंद! पपांचे ओठ निळे. मी किंचाळतेय आणि हे विचारतात, "विश्लेषण कुठवर आलं होतं?"
डोकं फिरलंय माणसाचं.

१५ नोव्हेंबर
मशीनला वेगळी वायर ओढून घेतली. इन्व्हर्टरही आणला. अर्ताकने बजावलंय — त्यावर एकच यंत्र लावा, दोन्ही लावलीत तर दोन्ही बंद पडतील. ऑक्सिजन लावला. विषय संपला.
पपा ताट अर्धं टाकून मशीनपाशी जाऊन बसले.

२१ नोव्हेंबर
मशीन सहा दिवस एकाच चालीवर अडलंय. पपा त्याला हात लावू देत नाहीत. बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून! खोली भट्टीसारखी तापते. त्यांचा श्वास मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. मला हे मशीन आवडत नाही. भीती वाटते त्याची.

२४ नोव्हेंबर
खाली नोटीस लागलीय. उद्या दुपारी बारा ते दोन वीज नाही. इन्व्हर्टरची बॅटरी तपासली, पुरेल. तरी रजा टाकते म्हटलं.
"जा गं शाळेत! मुलांच्या परीक्षा, आणि तू इथे माझं तोंड बघत बसणार?"
आज भलतेच गोड होते. वाटीभर मात्सुन दही मागून खाल्लं. माझ्या केसांवरून हात फिरवला, कधी नव्हे ते.

२५ नोव्हेंबर
तीनला आले. मशीन चालू होतं. इन्व्हर्टरवर त्याचाच प्लग. ऑक्सिजनचा भिंतीत.
पपा खुर्चीत, थंड पडलेले, मांडीवर चालींची वही. त्यांचंच अक्षर — "दोन तास मी काढीन. मशीनला नाही जमणार."
मशीन अजून बंद केलेलं नाही. हात होत नाही.