एल्डरवेलला नावं ठेवताना

४ नोव्हेंबर, मंगळवार

एल्डरवेल! हे गावाचं नाव आहे की खोकल्याच्या औषधाचं?

धवल आज जुरोंग आयलंडहून कंपनीच्या बसनं आला तो हीच बातमी घेऊन. बूटही काढले नाहीत. कंपनीचा इंग्लंडात एक जुना प्लँट आहे, तिथं याला बोलावलंय. "तू ठरव, अनघा. चौदा तारखेला, शुक्रवारी कळवायचंय."

मी ठरवायचं! म्हणजे पुढं काही बिघडलं की खापर माझ्या डोक्यावर.

मला नाही जायचं. अकरा वर्षं झाली सिंगापूरला, या तोआ पायोहमध्ये. ड्रॅगनच्या त्या घसरगुंडीवर मधुवंती लहानाची मोठी झाली. खाली उतरलं की हॉकर सेंटर, हवं ते गरमागरम खायला. कशाला मोडायचं हे सगळं?

५ नोव्हेंबर, बुधवार

नेटवर गाव पाहिलं. प्रेक्षणीय स्थळं मोजून तीन! एक कापडगिरणीचं धुराडं — गिरणी पाडली, धुराडं तेवढं जपून ठेवलं. एक गिरणीमालकाचा पुतळा, हात पुढे केलेला, हातावर कबुतर. आणि टाउन हॉल. त्याच्या मनोऱ्याला चार बाजूंना चार घड्याळं, आणि चारही वेगवेगळी वेळ दाखवतात! दारात महापौरबाई उभ्या, गळ्यात सोन्याची साखळी — एखाद्या वरमाईला हेवा वाटावा एवढी जाड.

जेवताना सगळं साभिनय वाचून दाखवलं. मधुवंती हसून लोळली. "अय्यो, सो अग्ली लाह, आई!" धवल नुसता भात कालवत राहिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

समजा गेलोच, तर पोरीच्या शाळेचं काय? आपली खोड काही जात नाही — शाळेचा प्रवेश असो, तुंबलेलं गटार असो, आधी नगरसेवक गाठायचा. प्लँट ज्या वॉर्डात आहे तिथल्या नगरसेविकेला मेल टाकली, जाता जाता त्या चार घड्याळांबद्दलही विचारलं. पॉलीन ऑग्डेन नाव. धवलला सांगितलं नाही. उगाच त्याला वाटायचं, ही विरघळली.

८ नोव्हेंबर, शनिवार

उत्तर आलं! "शाळेचं माझ्या हातात नाही. घड्याळाचं थोडंफार आहे," असं लिहिलंय. बाई सोळाव्या वर्षापासून त्या गिरणीत होत्या. त्यांना चारही घड्याळं दुरुस्त करून हवीत. निम्मं कौन्सिल म्हणतं, खर्च कशाला, काढूनच टाका. मंगळवारी मतदान आहे. शेवटी लिहिलंय, "राहायला आलात की मतदारयादीत नाव घाला. आमच्या कौन्सिलच्या मे महिन्यातल्या निवडणुकीत भारतीयांनाही मत असतं."

हे वाक्य परत परत वाचलं. इथं आम्ही नोकरीच्या पासवर राहणारी माणसं, मताचा प्रश्नच नाही. पुण्यातलं मत मी इकडे आल्यापासून दिलेलं नाही. आणि इथलं टाउन कौन्सिल असं, की लिफ्ट बिघडली म्हणून मी चिडेपर्यंत ती चालू झालेली असते. तक्रारीची सवयच गेली माझी — पुण्याची असून!

९ नोव्हेंबर, रविवार

पाया लेबारला मॉलमध्ये मैत्रीण भेटली, नीता. म्हणाली, "त्या गावात आहे काय? एक धुराडं!"

"दोनशे फूट आहे आमचं धुराडं!" मी फाडकन म्हणाले.

आमचं?? नशीब, धवल सोबत नव्हता. घरी येऊन त्याच्यासमोर पुतळ्याला 'कबुतरांचा बसस्टॉप' म्हटलं आणि बरं वाटलं. माझ्या माहेरी कौतुकाची हीच रीत. बाबा मला जन्मभर 'ध्यान' म्हणाले. 'अनघा' अशी हाक आली की समजायचं, खरंच चिडलेत. धवल अकोल्याचा. त्यांच्याकडे माणूस बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं. लग्नाला तेरा वर्षं झाली तरी मला याची गंमतच वाटते.

१० नोव्हेंबर, सोमवार

त्यांच्या चौकात वेबकॅम आहे. कबुतर जागेवर आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कौन्सिलच्या कालच्या सभेचं रेकॉर्डिंग आज संध्याकाळी स्वयंपाक करता करता पाहिलं. पॉलीनबाई उठल्या. लहानशी मूर्ती, आवाज मात्र गिरणीच्या भोंग्याचा. "सिंगापूरच्या एक बाई इथं राहायला यायचं म्हणतायत. त्यांना काय सांगू, आपल्या गावात किती वाजलेत?" सगळी सभा हसली! मग हात वर झाले. दुरुस्ती मंजूर — एका मतानं!

मी टाळ्या वाजवल्या आणि दूध उतू गेलं. धवल धावत आला. "काय झालं?"

"काही नाही रे. तुझ्या त्या बावळट गावाचं घड्याळ!"

तो "बरं" म्हणाला आणि ओटा पुसायला लागला. मला मात्र त्या मनोऱ्याखाली उभं राहून मान वर करून बघायचंय. मत द्यायचंय. मे महिन्यात गारठत रांगेत उभं राहून पॉलीनबाईंना मत द्यायचंय! शुक्रवारी सकाळी हो म्हणणार. जरा भाव खाऊन.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चहा देताना म्हटलं, "एल्डरवेलचं ठरवलंय मी."

तो हसला. "माहितीये. कालच नाही म्हणून कळवून टाकलं. बॉस जरा खट्टू झाला, पण दुसऱ्या माणसाचं नाव लगेच गेलंसुद्धा. दहा दिवसांत तू त्या गावाबद्दल एक शब्द बरा बोलली नाहीस, तुला कशाला तिथं न्यायचं? खूश ना?"

"हो," म्हणाले.

तो बस गाठायला पळाला. दार लावून मी रडले. सोमवारपासून आमच्या घड्याळाचं काम सुरू होतंय.