सरांनी तपासलं होतं

सर,

अकोल्यात तुमच्या घरी मी येऊन गेले, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्हाला जाऊन तेव्हा दोन उन्हाळे झाले होते आणि मला ते तुमच्या दारात उभी राहिल्यावर कळलं. त्याआधी सहा महिने मी याच शहरात होते, जठारपेठेत एका खोलीत भाड्याने, तुमच्या घरापासून चालत पाऊण तासावर. पत्ता कागदावर लिहून पर्समध्ये ठेवला होता. दर रविवारी सकाळी डोकं धुवायचं, साडी नेसायची, आणि मग काहीतरी काम काढून बसायचं. कपाट आवर, पोळ्यांचं पीठ चाळ. दुपार झाली की स्वतःला सांगायचं, आता ते झोपले असतील. असे कितीतरी रविवार गेले. तुम्ही आधीच गेलेले होता आणि मी इकडे तुमच्या झोपेची काळजी करत होते.

अमरावतीच्या आयटीआयच्या त्या वर्कशॉपात मी शिकायला आले तेव्हा एकवीस मुलं होती आणि मी. इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला मुलगी आली म्हणून ऑफिसातला बाबू माझा फॉर्म दोनदा उलटून पाहत होता. आई अंगणवाडीत होती, तिला मी नर्स व्हावं असं वाटायचं. पण आमच्या मोर्शीकडच्या गावात लाईन बिघडली की वायरमन तीन-तीन दिवस यायचा नाही, आणि मला लहानपणापासून वाटायचं की या माणसाची वाट का पाहायची. तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. फक्त वर बघून म्हणालात, स्टुलावर चढता येते काय? मी हो म्हणाले. तेवढीच माझी मुलाखत. नंतर कळलं की तुम्ही कुणाचंच कौतुक करत नाही. तारांचा जॉइंट चांगला झाला तर तुम्ही पुढच्याकडे जायचात, वाईट झाला तर पक्कड टेबलावर आपटायचात. पुढच्याकडे जाणं हीच शाबासकी, हे समजायला मला चार महिने लागले.

ट्यूबलाईटचा धडा तुम्ही शिकवलात तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. लोडशेडिंगचे दिवस. सकाळी लाईन जायची ती दुपारी यायची, दोन-अडीच तास राहायची, परत जायची. तुम्ही सकाळभर फळ्यावर खडूने शिकवता आहात. इथून फेज आली, स्विचातून गेली, चोकमधून गेली, ट्यूबच्या या टोकाला शिरली. मग स्टार्टर, मग दुसरं टोक, मग न्यूट्रल. एका स्टार्टरचं झाकण तुम्ही आदल्या दिवशी कापून आणलेलं. आत बोराएवढा काचेचा फुगा. बारा वाजता लाईन येते आणि तुम्ही खिडक्या लावून घ्यायला सांगता. आम्ही सगळे टेबलाभोवती डोकी घालून उभे. फुग्यात जांभळट उजेड होतो, आतली पट्टी तापते, वाकते, टेकते. ट्यूबची दोन्ही टोकं लाल होतात. मग पट्टी थंड होऊन सुटते, त्या क्षणी चोक झटका देतो, आणि ट्यूब लागते. तुम्ही म्हणालात, आता लावून दाखवा. आणि स्विच नेहमी फेजवर. न्यूट्रलवर लावला तरी ट्यूब लागते, बंदही होते, म्हणून माणूस फसते. बंद दिसते, पण करंट ट्यूबपर्यंत येऊन उभा असते.

ती वर्षं वाईट होती. आमच्याकडे विहिरी आटून संत्र्याच्या बागा तोडल्या जात होत्या आणि लोक ती लाकडं सरपण म्हणून विकत होते. कापसाच्या गावांतून रोज कुणी ना कुणी शेतकरी विष घेऊन गेल्याची बातमी पेपरात असायची. वर्गातली मुलं ते पान उलटून क्रिकेटचं पान वाचायची. सोमवारी हजेरी घेताना तुम्ही एकेका मुलाला विचारायचात, काल बापासंगं जेवला काय? उत्तर आलं नाही तर पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहायचात. एक-दोघांना तुम्ही हजेरी लावून परत गावी पाठवलेलं मी पाहिलं आहे. मला वडील नाहीत हे तुम्हाला माहीत होतं. मला विचारायचात, मायसंगं? मी दर सोमवारी हो म्हणायचे आणि ते खरं असायचं.

परीक्षेला पंधरा दिवस होते. तुम्ही आमच्या जोड्या लावून भिंतीवर खरीखुरी फिटिंग करायला दिली होती. माझा जोडीदार दर्यापूरकडचा, हळू बोलणारा, हाताने मात्र चलाख. त्याने ट्यूबची पट्टी भिंतीला ठोकली, मी स्विचबोर्ड जोडला. मुलांमध्ये पैज लागली होती की पोट्टीची, म्हणजे माझी, ट्यूब सगळ्यात शेवटी लागणार. अडीचला लाईन जाणार होती. तुम्ही चोक कमी आलेत म्हणून ऑफिसात भांडायला गेला होता आणि तुमचा नियम होता की तुम्ही बघितल्याशिवाय कुणी सप्लाय द्यायचा नाही. मी घाईत स्विचात फेजच्या लाल वायरच्या जागी न्यूट्रलची काळी घातली. हे मला तेव्हा कळलं नाही. पण दुसरी गोष्ट मी समजून उमजून केली. जोडीदाराने विचारलं, "सरांनी पाह्यलं काय?"

मी म्हणाले, "हो. पाह्यलं."

ट्यूब लागली. सगळ्यांच्या आधी लागली. मला जो आनंद झाला तो आठवला की आजही लाज वाटते. मग ती लपलपायला लागली. जोडीदाराने शिकवल्याप्रमाणे आधी स्विच बंद केला, मग स्टुलावर चढला, एका हाताने खिडकीचा गज धरला आणि दुसऱ्याने ट्यूब फिरवायला गेला. करंटने त्याचं अंग ताठलं. स्टूल आडवं झालं आणि तो खाली कोपरावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सचिवांच्या खोलीत आपण उभे होतो. तुम्ही, मी, आणि वर्गातली दोन मुलं. जोडीदाराने दवाखान्यात सांगितलं होतं की सरांनी तपासलं होतं, असं मी त्याला सांगितलं. सचिवांनी ते वाचून दाखवलं आणि तुम्हाला विचारलं, खरं आहे का? मी जमिनीकडे बघत होते. आता तुम्ही नाही म्हणणार आणि सगळ्या माना माझ्याकडे वळणार, याची वाट बघत होते. मी मान वर केली तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होता. मग तुम्ही सचिवांकडे वळलात.

"हो," तुम्ही म्हणालात. "तपासलं होतं. माझ्याच नजरेतून सुटलं."

त्या महिन्याअखेर त्यांनी तुम्हाला काढलं. एकोणीस वर्षं झाली होती तुम्हाला तिथे. तुम्ही टूलरूमची यादी करून देत होता तेव्हा मी दाराशी आले. मला वाटलं होतं तुम्ही समजावून सांगाल, किंवा रागवाल, आणि मग मला रडता येईल. तुम्ही मोजत राहिलात. पक्कड अकरा, टेस्टर सतरा. मी विचारलं की तुम्ही असं का सांगितलंत. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मले काहाले विचारतं? त्या पोराले दवाखान्यात जाऊन पाहून ये पह्यले."

मी गेले, सर. वॉर्डाच्या दारापर्यंत गेले. त्याचे वडील पलंगाशी खाली बसून त्याला भाकरीचे तुकडे भरवत होते, कारण त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मी आणलेली संत्री दाराजवळच्या बाकावर ठेवली आणि परत आले. तो परीक्षेला बसू शकला नाही. मी बसले आणि पास झाले.

पुढे आठ-नऊ वर्षांनी तो मला कौंडण्यपूरच्या जत्रेत भेटला. बायको, मुलगी सोबत. त्यानेच ओळखलं. हात थोडा वाकडाच राहिला आहे, पण तालुक्याला त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान चांगलं चालतं. मी काही विचारायच्या आत तो तुमचं बोलायला लागला. त्या वर्षी तुम्ही अकोल्याहून दर रविवारी एसटीने त्याच्या गावाला जात होता. ओसरीवर बसून डाव्या हाताने जॉइंट कसा करायचा ते शिकवत होता. पुढच्या परीक्षेला तो बसला तो तुमच्यामुळे. "माझ्या बापाच्या पाया पडायले निघाले होते सर," तो म्हणाला. "म्हणे, चूक माझी हाय, पोराचं वर्ष मी भरून देतो. बाप माझा तेव्हा कोनाशीच बोलत नव्हता, नुसता छताकडे पाहत राहे. सर आले की उठून चहा ठेवे. तुले सांगतो, रविवारची वाट पाहे तो." मी नदीकडे बघत ऐकत होते. तिथे सांगता आलं असतं. त्याची मुलगी फुग्यासाठी हट्ट करत होती, तो तिला घेऊन पुढे गेला, आणि मी तिथेच उभी राहिले.

त्यानंतर मी अकोल्यात नोकरी धरली. लोक विचारतात, मोर्शीची मुलगी इकडे कशी. मी सांगते, जागा निघाली म्हणून. आई गेल्यावर गावात राहण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि लग्नाचं वय कधी निघून गेलं ते मी फारसं पाहिलं नाही. एकटीसाठी स्वयंपाक करायला अर्धा तास पुरतो. उरलेल्या संध्याकाळी फार मोठ्या असतात.

तर शेवटी एका रविवारी मी तुमच्या घरी आले. तुमच्या पत्नीने, चाचींनी, दार उघडलं. मी जुनी विद्यार्थिनी आहे एवढंच सांगितलं. त्यांनी चहा केला, खारी पुढे ठेवली, आणि तुमचा विषय काढताच आधी तुमच्या डोळ्यांवर आल्या. तुम्ही घरीसुद्धा तेच सांगितलं होतंत. चाची म्हणाल्या, "बोले, मेरी आँखों ने धोखा दिया. मैं डाक्टर के पास ले गई. डाक्टर बोला, आँखें तो अच्छी हैं. तो बोले, डाक्टर को क्या समझता." हे सांगताना त्या हसल्या. मग म्हणाल्या की इथे मोटारींच्या वाइंडिंगच्या दुकानात तुम्हाला काम मिळालं होतं, पण बारीक तारेचं काम त्या तुम्हाला संध्याकाळी करू द्यायच्या नाहीत. डोळे जातील म्हणून. दुकानदाराला जाऊन सांगून आल्या होत्या. त्यामुळे तुमच्याकडे जाड तारेचीच कामं यायची, आणि तुम्ही कुरकुर न करता ती करायचात. शेवटपर्यंत त्या तुमच्या डोळ्यांत गुलाबपाणी घालत होत्या. मी निघताना त्यांनी विचारलं की सर शिकवायला कडक होते का. मी म्हणाले, हो, फार. त्यांना ते आवडलं. म्हणाल्या, चहाला येत जा.

मी आता जिथे शिकवते तिथे ट्यूबलाईटचा धडा दोन तासांत उरकायचा असतो. मुलं म्हणतात, मॅडम, आता एलईडी हाय, हे कोन लावते. मी तरी स्टार्टर कापून नेते, खिडक्या लावायला सांगते. आणि स्विच फेजवर का, हे सांगताना आपल्या वर्कशॉपातली ती गोष्ट सांगते. कोपर मोडलेला मुलगा सांगते, नोकरी गेलेले सर सांगते. फक्त वायर चुकवणारा आणि खोटं बोलणारा माझ्या गोष्टीत एक मुलगा असतो. पहिल्या वर्षी तसं तोंडातून निघून गेलं, मग तेच चालू राहिलं. या वर्षी वर्गात एक मुलगी आहे. तिने विचारलं की त्या मुलाने पुढे कुणाला खरं सांगितलं का. मी म्हणाले, ते काही मला माहीत नाही.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, तुमच्याच पत्त्यावर टाकावं. चाचींना मराठी वाचता येतं. वाचून त्यांना कळेल की तुमचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. त्यांना त्याचा त्रास होईल, म्हणून पाठवत नाही, असं मी मघापासून मनाशी म्हणते आहे. पण तसं नाही, सर. त्यांना ते कळलं तर बरंच वाटेल. त्या मला पुन्हा चहा करणार नाहीत, एवढीच भीती आहे. या शहरात मला चहाला ये म्हणणारं दुसरं कुणी नाही.