आत्या माझ्या तोंडानं जेवते

२ सप्टेंबर १९५७
शुद्धलेखनाची माफी. टाइपिंग स्लो, त्याचीही. कोणाची मागतेय मी? वाचणार तर मीच. अण्णांनी ऑफिसातलं जुनं मराठी मशीन आणलंय, माझ्या बोटांना व्यायाम म्हणून. सांध्यांपायी नववीत शाळा सुटली. पण ठाण्याच्या डॉक्टर टिपणिसांच्या नव्या गोळीनं मूठ वळते! वेणी माझी मी घातली. महिन्यात स्पीड चाळीस करणार.

९ सप्टेंबर
स्पीड सहा. भूक भयंकर. आईच्या ताटातली पोळीही खाल्ली. तोंड वाटोळं झालंय. आई खूश, "अंगी लागलं हो पोरीच्या." आरशावर टॉवेल टाकलाय. धूळ बसते म्हणून.

१३ सप्टेंबर
शेजारच्या रंगूबाई दारातच थबकल्या. "अगं बाई, ही तर कमळाच!" कमळाआत्या अण्णांची बहीण, मी जन्मायच्या आधी वारलेली. फोटोत तिचं तोंड अस्संच. अण्णा हल्ली माझ्याकडे बघत नाहीत. मी घाबरलेली वगैरे नाही.

१७ सप्टेंबर
आत्याचं श्राद्ध. पिंडाला कावळा शिवेना. अण्णा कधीचे हात जोडून, "कमळे, काय राहिलंय गं तुझं?" तेवढ्यात स्वयंपाकघरात मी खिरीचं पातेलं संपवलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. रंगूबाई म्हणाल्या, "खरा कशाला शिवेल? जिला जेवायचं ती आत बसून जेवली की!" सगळ्या हसल्या. पातेल्यात हात कोणाचा होता? झोप नाही.

२३ सप्टेंबर
ठरलं. आत्या गोळीच्या वाटेनं आत येते. उद्या घट बसतात, उद्यापासून गोळी बंद. टिपणीस म्हणालेले, एकदम सोडायची नाही, मी सांगेन तशी उतरवायची. ते साध्या पेशंटना. मला नवरात्राचा उपास आहे, आणि विलायती गोळी उपासाला चालते असं ते कुठे म्हणाले? आईला सांगणार नाही. उगाच काळजी करते.

२५ सप्टेंबर
फर्स्टक्लास. भूक मेली. आत्या निघाली!

२७ सप्टेंबर
उलट्या. उभं राहिलं की काळोख. आत्या सामान आवरतेय, धक्के बसणारच.

२९ सप्टेंबर
बोटं सुजली. स्पीड दोन. आईनं विचारलं, "गोळी घेतलीस ना सरू?" घेतली म्हटलं. घटाजवळ कोणीतरी बसलंय, पाठमोरं. हाक मारणार नाही.

६ ऑक्टोबर
पेन्सिलीनं लिहितेय, हॉस्पिटलातून. सातव्या माळेला घटापुढेच पडले म्हणे. सुया, सलाइन. टिपणीस केवढ्यांदा ओरडले. "अंगात बनतो तोच माल गोळीतून आयता मिळतो म्हणून तुझ्या शरीरानं आपला कारखाना बंद ठेवलाय, आणि तू एकदम माल तोडलास! देवीचा उपास कर, जिवाचा नको." गोळी पुन्हा चालू. जरा-जराशी कमी करणार. तोंड, भूक, झोप, सगळं गोळीचंच होतं.

म्हणजे कोणी आलंच नव्हतं. थोडं वाईट वाटलं.

आज अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हटलं, आत्यासारखी दिसते म्हणून बघत नव्हता ना? तर म्हणाले, "तिचेही सांधेच धरले होते गं. मग छाती. तेव्हा ही गोळी नव्हती. तुझ्याकडे असून तू सोडलीस." आणि रडायलाच लागले. मी पेज मागून घेतली, दोनदा.

वॉर्डात गलका चाललाय. रशियानं म्हणे आकाशात नवा चंद्र सोडलाय, पृथ्वीभोवती फिरतोय. वाटोळाच असेल, माझ्या तोंडासारखा.